देवाला ओळखतेस का, कधीपासून, तारीख सांग

वडगावशेरीहून एका मुलीचा मेल आलाय. बराच मोठा आहे. नाव छापू नका म्हणाली आहे, म्हणून नाव नाही आणि ओळखू येईल असं बाकीचंही काढून टाकलंय. थोडक्यात तिचं म्हणणं असं:

"ताई, मी २८ वर्षांची आहे, खराडीला आयटीत आहे. आमचं घर मूळ नगर जिल्ह्यातलं, पणजोबांपासून ख्रिस्ती. संडे स्कूल, दृढीकरण (कन्फर्मेशन), क्वायर, बायबल क्विझची बक्षिसं सगळं झालं, आता मीच संडे स्कूलला शिकवते. ऑफिसातल्या मैत्रिणीने विमाननगरला त्यांच्या शुक्रवारच्या फेलोशिपला, म्हणजे प्रार्थनेच्या बैठकीला, नेलं. तिथे पहिल्याच दिवशी विचारलं, तू देवाला पर्सनली ओळखतेस का, कधीपासून, तारीख सांग. मला काही सांगताच आलं नाही. तिथे सगळे म्हणतात देव माझ्याशी हे बोलला, ते बोलला, रडतात, आणि माझ्या आत काहीच हलत नाही. घरी प्रार्थनेला बसले तर डोक्यात जिराची, म्हणजे ऑफिसातल्या कामांच्या सॉफ्टवेअरची, तिकिटं फिरतात. त्यात तिथला एक मुलगा म्हणतो की मी त्याची बायको होणार असं देवाने त्याला दाखवलंय. मला तसं वाटत नाही म्हणाले तर म्हणे तुझी अजून देवाशी ओळख नाही म्हणून तुला ऐकू येत नाही. आणि आजी. तिला डिमेन्शिया आहे, जन्मभर बायबल वाचलं तिने, आता येशू कोण विचारलं तर कधी कधी नुसती बघत राहते. म्हणजे तीही आता देवाला ओळखत नाही का? देवाला ओळखणं म्हणजे असतं तरी काय? क्वायर आणि संडे स्कूल सोडू का, मला ढोंग वाटतंय. अगंतुगं केलंत तरी चालेल."

बरं बाळा, अगंतुगंच करते.

आधी तारखेचं घेऊ, कारण तिथेच तुझी झोप उडालेली दिसतेय. त्या लोकांनी विचारलेला प्रश्न मुळात वाईट नाही आणि मला त्यांना एकदम झटकून टाकायचं नाहीये. चर्चमध्ये वाढलेला माणूस देवाला न ओळखताच म्हातारा होऊ शकतो, हे बायबलच सांगतं. शमुवेलाची गोष्ट तू पोरांना शिकवली असशीलच, लहानपणापासून मंदिरात राहिलेला मुलगा, एली याजकाच्या हाताखाली सेवा करणारा, आणि त्याच्याबद्दल स्पष्ट लिहिलंय की त्याला अजून परमेश्वराची ओळख झाली नव्हती. हाक आली तर तीन वेळा उठून एलीकडे पळाला. कुणाची हाक आहे हे त्याला कळलंच नाही, आणि एलीलाही तिसऱ्या वेळी कळलं! पण बघ, शमुवेलाला त्यावरून कुणी रागावलं नाही, त्याची सेवा खोटी होती असंही कुणी म्हणालं नाही. ज्या ठिकाणी तो रोज सेवा करत होता, झोपत होता, तिथेच हाक आली.

आपल्याच भागातलं उदाहरण घे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. परत आल्यावर त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं, आधी मुंबईत आणि मग १८९० मध्ये इथे पुण्यात आणलं, म्हणजे काम जोरात चालू होतं. आणि नंतर त्या स्वतःच्या साक्षीत सांगतात की बाप्तिस्म्यानंतर जवळपास आठ वर्षांनी त्यांना कळलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळालाय पण ख्रिस्त मिळालेला नाही. एवढी संस्कृतची पंडिता, एवढी अभ्यासू बाई, तिला हे म्हणावं लागलं. म्हणून तुला आज जे टोचतंय ते टोचणं वाईट नाही. ते दाबून टाकू नकोस, एवढंच म्हणेन.

पण "तारीख सांग" याला मात्र माझा विरोध आहे. कवी ना. वा. टिळकांना १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना रेल्वेत एका युरोपियन प्रवाशाने नवा करार दिला. ते आधी तसे नाखुशीनेच वाचायला बसले, मग येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाने धरून ठेवलं, मग वाचन, वाद, पत्रव्यवहार, आणि बाप्तिस्मा झाला १८९५ ला. आता यातली ओळखीची तारीख कुठली? रेल्वेतली? डोंगरावरचं प्रवचन वाचलं ती रात्र? बाप्तिस्म्याची? आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तर त्यांच्यानंतर काही वर्षांनी आल्या, त्यांच्या स्वतःच्या वाटेने आणि स्वतःच्या वेगाने, नवऱ्याने ढकललं म्हणून नाही. पौलाला दिमिष्काच्या वाटेवर दिवस आणि जागा सांगता येत होती, त्याचा तरुण सहकारी तीमथ्य याला आजी आणि आईकडून विश्वास आला होता, आणि पौल त्याला लिहिताना त्या दोघींची नावं आदराने घेतो, तुझी तारीख दाखव असं म्हणत नाही. तुला पणजोबांपासून मिळालंय, तर ते तीमथ्याच्या बाजूचं आहे असं समज.

आता मुख्य प्रश्न. ओळखणं म्हणजे काय.

येशूने वधस्तंभावर जायच्या आधीच्या रात्री प्रार्थना केली, योहानाच्या १७ व्या अध्यायात आहे, त्यात तो म्हणतो की सार्वकालिक जीवन हेच आहे की त्यांनी तुला, एकाच खऱ्या देवाला आणि तू ज्याला पाठवलंस त्या येशू ख्रिस्ताला ओळखावं. आपल्याकडे सार्वकालिक जीवन म्हटलं की लोकांना मेल्यानंतरचं आठवतं, अंत्यविधीला वाचतात ना म्हणून, पण इथे येशू ते ओळखीत बसवतो आणि ओळख तर आत्ता, जिवंतपणी सुरू होते. म्हणजे ख्रिस्ती माणसाला देवाची ओळख हा काही भक्तीतला वरचा वर्ग नाही की काही जणांनाच प्रमोशन मिळतं. ती पहिल्यापासून सगळ्यांसाठी आहे.

आणि ती माहितीपेक्षा वेगळी आहे पण माहितीच्या विरुद्ध नाही, इथे फेलोशिपवाले घाई करतात असं मला वाटतं. लग्नाचा बायोडेटा बघ, उंची, शिक्षण, पगार, मामेकुळ, सगळं खरं असतं आणि ते माहीत असायलाच हवं, पण बायोडेटा पाठ झाला म्हणून माणूस कळला असं कुणी म्हणत नाही, तो कळतो सोबत राहिल्यावर, आजारपणात, भांडणात, पैसे संपल्यावर. तुझ्याकडे बायबल क्विझमुळे बायोडेटा पक्का आहे, तो फेकून देऊ नकोस. याकोबाच्या पत्रात लिहिलंय की देव एकच आहे असं भुतंही मानतात आणि थरथर कापतात, म्हणजे नुसती बरोबर माहिती त्यांच्याकडेही आहे. पण त्यावरून माहिती वाईट ठरत नाही. कोणाशी बोलतोय हेच माहीत नसेल तर आपण आपल्याच मनातला देव बनवून त्याच्याशी बोलत बसू, आणि तो देव नेमकं आपल्याला हवं तेच बोलेल.

म्हणूनच ख्रिस्ती लोक देवाला ओळखायची सुरुवात येशूपासून करतात. फिलिप्प नावाचा शिष्य त्याला म्हणाला, प्रभू, आम्हाला पिता दाखव म्हणजे पुरे. मला हा फिलिप्प फार आवडतो, कारण तुझ्या मेलमधलं वाक्य आणि त्याचं वाक्य एकच आहे. येशू म्हणाला, मी इतका काळ तुमच्याबरोबर आहे आणि तरी तू मला ओळखत नाहीस? ज्याने मला पाहिलंय त्याने पित्याला पाहिलंय. म्हणजे देव कसा आहे हे बघायचं तर विहिरीवरच्या शोमरोनी बाईशी येशू कसा बोलला ते बघ, कुष्ठरोग्याला हात लावून बरं केलं ते बघ, मित्राच्या, लाजराच्या, कबरीपाशी रडला ते बघ. मोशेलाही देवाचं तोंड बघायला मिळालं नव्हतं, आणि इथे कोळी, जकातदार, बायका, पोरं त्याच्या पंगतीला बसली.

आता भावना. तुझ्या आत काही हलत नाही, प्रार्थनेत तिकिटं फिरतात. अगं दिवसभर दहा तास तिकिटं बघितल्यावर डोक्यात दुसरं काय फिरणार, तीच सांग ना त्याला. हे तिकीट अडकलंय, मॅनेजरची भीती वाटते, असं. प्रार्थना म्हणजे डोकं रिकामं करून बसणं असं बायबलमध्ये कुठेही नाही. १३ वं स्तोत्र उघड, पहिल्या दोन ओवींत "कोठवर" असं चार वेळा विचारलंय. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी "पण देव चांगला आहे" असं काही जोडलेलंही नाही, आणि तरी ते स्तोत्र देवालाच उद्देशून आहे. मदर तेरेसा १९९७ ला गेल्या आणि २००७ मध्ये त्यांची खासगी पत्रं छापली गेली, तेव्हा जगाला कळलं की या बाईला कित्येक वर्षं प्रार्थनेत देव जवळ आहे असं जाणवतच नव्हतं. आत कोरडं आणि तरी रोज पहाटे प्रार्थना, मग मरणाऱ्यांची सेवा. त्यांची देवाशी ओळख नव्हती असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही. विमाननगरला जे रडतात ते खोटं रडतात असं मी म्हणत नाही, देव काहींना तसं देतो, पण रडू हे मोजमाप नाही.

मोजमाप कुठलं, हे यिर्मया संदेष्ट्याने सांगितलंय आणि ते मला आपल्या मंडळ्यांमध्ये फार कमी वेळा ऐकू येतं, म्हणून जरा थांबून सांगते. यरुशलेमात यहोयाकीम नावाचा राजा होता. त्याने मोठा वाडा बांधायला काढला, ऐसपैस खोल्या, गंधसरूची तक्तपोशी, वर लाल रंग, आणि मजुरांची मजुरी बुडवली. त्याचा बाप योशीया हाही राजाच होता. यिर्मया २२ व्या अध्यायात देवाचं म्हणणं सांगतो की तुझा बाप खात-पीत नव्हता का? पण त्याने न्याय केला, गरिबाची आणि लाचाराची बाजू घेतली, आणि मग परमेश्वर विचारतो, मला ओळखणं ते हेच नाही का?

हे वाचलं की मला खराडी दिसते. तुझ्या ऑफिसच्या खिडकीतून टॉवर उभे राहताना दिसतात, खाली पत्र्याच्या शेडमध्ये ते बांधणारी माणसं लेकराबाळांसकट राहतात. मजुरी वेळेवर मिळते का नाही हे आपण विचारतही नाही. घरकामाच्या मावशींचे चार दिवसांचे पैसे कापून रविवारी पुढच्या बाकावर बसणारी माणसं मी बघितलीत, त्यांना वचनं तोंडपाठ असतात आणि साक्षही छान देतात. योहान पत्रात जरा कडकच लिहितो, जो प्रीती करत नाही तो देवाला ओळखत नाही, कारण देव प्रीती आहे. यात कुठे पळायला जागा नाही, ना मला ना तुला.

रमाबाईंकडे परत जाऊ. ख्रिस्त सापडल्यावर त्यांनी काय केलं बघ. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी, बेवारस मुली गोळा केल्या, केडगावला त्यांच्यासाठी मुक्ती मिशन उभं केलं, साध्या बायकांना समजेल असं मराठी बायबल हवं म्हणून हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं भाषांतर केलं, आणि ते छापायचं कामही तिथल्याच बायकांनी केलं. १९२१ ला एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी काम चालूच ठेवलं, १९२२ च्या एप्रिलमध्ये स्वतः गेल्या. एखाद्या शनिवारी दौंडच्या गाडीने केडगावला उतर आणि जाऊन ये. देवाला ओळखणारा माणूस कसा दिसतो हे मी इथे लिहून जेवढं सांगेन त्यापेक्षा तिथे जास्त कळेल.

त्या मुलाबद्दल. हे मला स्पष्ट बोलायचंय. देवाने मला दाखवलं की तू माझी बायको होणार, आणि तुला तसं वाटत नसेल तर तुझीच ओळख कमी, हे बोलणं चुकीचं आहे आणि देवाचं नाव घेऊन केलेलं प्रेशर आहे. त्याला तू आवडत असशील, त्यात पाप नाही, त्याने सरळ येऊन विचारावं, आणि तुला नाही म्हणायची पूर्ण मोकळीक असावी. देव बोलतो यावर माझा विश्वास आहे. पण पौल थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहितो की सगळ्या गोष्टींची पारख करा आणि चांगलं ते धरा, आणि योहान म्हणतो प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका. मंदिराच्या शिखरावर सैतानाने येशूसमोर ९१ वं स्तोत्रच म्हणून दाखवलं होतं, वचन बरोबर होतं, हेतू वेगळा होता. येशूला ते कळलं कारण तो पित्याला ओळखत होता. तुला त्या मुलाच्या बोलण्यात काहीतरी खटकतंय ना? मला वाटतं ते तुझ्यातल्या ओळखीमुळेच खटकतंय. सुवार्तेत येशू कुणालाही असं कोपऱ्यात घेऊन "हो" म्हणवून घेत नाही. श्रीमंत तरुण पाठ फिरवून गेला, त्यालाही त्याने जाऊ दिलं आणि त्याच्यावर प्रीती केली असं मार्कने लिहून ठेवलंय. मुलाला एकदाच, शक्यतो मैत्रीण सोबत असताना, सांग की माझं उत्तर नाही आहे आणि हा विषय देवाच्या नावाने परत काढू नकोस. तरी थांबला नाही तर फेलोशिप चालवणाऱ्यांना सांग आणि घरीही सांग.

मत्तयाच्या ७ व्या अध्यायात येशू सांगतो की शेवटच्या दिवशी पुष्कळ जण म्हणतील, प्रभू, आम्ही तुझ्या नावाने संदेश दिला, भुतं काढली, अद्भुतं केली. आणि तो म्हणेल, माझी तुमची कधी ओळखच नव्हती. इथे बघ, तुम्ही मला ओळखत नव्हता असं तो म्हणत नाहीये, मी तुम्हाला ओळखत नव्हतो म्हणतोय. बाजूच उलटी झाली. आणि हेच पौल गलतीकरांना लिहिताना करतो, आता तुम्ही देवाला ओळखता असं लिहून गेला आणि लगेच स्वतःचंच वाक्य दुरुस्त केलं, किंबहुना देवाने तुम्हाला ओळखलं आहे.

तुझ्या आजीचं उत्तर या दुरुस्तीत आहे. आपली देवाशी ओळख आपल्या आठवणीवर टांगलेली असती तर आजीचं सगळं गेलं असं म्हणावं लागलं असतं. पण मुळात धरलंय त्याने, आपण नाही. आजी उद्या स्वतःचं नाव विसरली तरी तो तिला नावाने ओळखतो, ती लहान असताना ओळखत होता, तिला बोलता येत नव्हतं तेव्हापासून. १३९ वं स्तोत्र तर म्हणतं आईच्या पोटात असल्यापासून. म्हणून तिला "आजी, येशू कोण?" अशी परीक्षा घेऊ नका, घरातल्या सगळ्यांना हे सांग. त्यापेक्षा तिच्याजवळ बसून प्रभूची प्रार्थना सावकाश म्हण, तिने लहानपणी शिकलेली जुनी गीतं म्हण, टिळकांचे अभंग म्हण, तुमच्या नगरकडच्या चर्चमध्ये नक्की म्हणत असतील. ती सोबत म्हणाली तर छान, नाही म्हणाली तर तू म्हण, तिच्या वाटचंही म्हण. मंडळी त्यासाठीच असते. आणि प्रभूभोजन तिला घरी आणून द्या म्हणून पाळकसाहेबांना विनंती कर, येतात ते.

आणि हेच तुलाही लागू आहे बरं का. तुझ्या आत काय हलतंय हे रोज रात्री तपासत बसायची गरज नाही.

करायचं काय, तर मार्कचं शुभवर्तमान वाच, १६ अध्याय आहेत, शिकवायचं म्हणून किंवा क्विझसाठी नाही, एकटीने, आणि प्रत्येक अध्यायात एवढंच बघ की येशू समोरच्या माणसाशी कसा वागला. मग त्याच्याशी त्यावर बोल. आवडलं ते सांग, पटलं नाही तेही सांग. कोणाशी अबोला असेल तर आधी तो मिटव, कारण दिसणाऱ्या भावावर प्रीती नाही तर न दिसणाऱ्या देवावर कशी, असं योहानच विचारतो. आणि एखादं काम असं घे ज्यात तुझं कौतुक कुणी करणार नाही, ते काय हे मी सांगत नाही, आजूबाजूला बघितलंस तर सापडेल. महिन्याभरात सगळं लखलखीत होईल असं मी म्हणणार नाही. पौल म्हाताऱ्या वयात तुरुंगातून फिलिप्पैकरांना लिहितो की मला त्याला ओळखायचंय, म्हणजे एवढ्या मंडळ्या उभ्या करून झाल्यावरही तो अजून ओळखतोच आहे.

क्वायर सोडू नकोस. संडे स्कूल तर अजिबात नको. ढोंग म्हणजे आत नाही ते आहे असं दाखवणं, आणि तू तर मला पानभर लिहून सांगितलंस की आत काय नाही. हेच आधी तुमच्या पाळकांना किंवा त्यांच्या मिसेसना भेटून सांग. आणि विमाननगरला परत जायचं असेल तर जा, मैत्रीण चांगली दिसतेय, पण पुढच्या वेळी कुणी तारीख विचारली तर खरं ते सांग, की तारीख माहीत नाही, लहानपणापासून त्याच्या घरात आहे आणि आता त्याला विचारतेय की तू कोण आहेस. तिथे त्यावर कोण काय म्हणालं ते मला कळव.